कुडा, हळद आणि आंतड्याचा दाह

धुळ्याहून एका भगिनींचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. चार पानांच्या त्या पत्रांतील बराच मजकूर येथें देण्याजोगा नाहीं. कारण आजार शौचाचा आहे आणि मुलगा लग्नाचा आहे. कित्येक महिन्यांपासून त्याला दिवसांतून आठ-दहा वेळां जावें लागतें, रक्त व आंव पडते, अंगावर मांस म्हणून राहिलें नाहीं. अखेर दुर्बीण घालून मोठें आंतडें पाहण्यांत आलें व 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असें निदान झालें. गोळ्या वर्षानुवर्षें घ्याव्या लागतील, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. घरांत सासूबाईंचें म्हणणें असें कीं, इतकीं वर्षें विलायती गोळ्या पोटांत घालण्यापेक्षां कुड्याची साल व हळद देऊन पाहावी. आपल्या ग्रंथांत काय नाहीं? भगिनी विचारतात, "आपण या सदरांत वनस्पतींविषयीं नेहमीं लिहितां. गोळ्या बंद करून वनस्पतींचे अर्क दिले तर चालेल काय?"

याचें उत्तर एका शब्दांत देतां येईल, व तो शब्द 'नाहीं' हा आहे. परंतु एका शब्दानें सासूबाईंचें समाधान होणार नाहीं, आणि त्यांचा आग्रह सर्वस्वीं चुकीचाहि नाहीं. शिवाय हाच प्रश्न इ. स. २०११ मध्यें आमच्याच घरांत उभा राहिला होता, आणि त्या वेळीं आम्हीं त्याचें उत्तर 'होय' असें दिलें होतें. तें उत्तर कोणास किती महागांत पडलें, हें सांगितल्यावांचून या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा तेव्हां जळगांवीं शिकावयास होता. शनिवारीं गाडीनें काजगांवीं उतरे व तेथून भडगांवीं आमच्याकडे येई. वरण-बट्टी व वांग्याचें भरीत यांवर त्याचा भारी जीव. त्या पावसाळ्यांत एकदां तो आला आणि जेवतां जेवतां ताटावरून दोनदां उठला. पुढच्या शनिवारींहि तेंच. तिसऱ्या खेपेस आमच्या कुटुंबानें त्याला एकीकडे नेऊन विचारलें, तेव्हां रक्त पडतें असें त्यानें खालीं मान घालून सांगितलें. आम्ही मात्र निर्धास्त होतों. रक्त व आंव म्हणजे रक्तातिसार, आणि रक्तातिसारावर कुटज, ही गांठ पाठशाळेंत असल्यापासून आमच्या मनांत पक्की बसलेली.

खरें सांगावयाचें तर कुड्यावर आमचें प्रेम जडलें तें वैद्यकामुळें नव्हे, काव्यामुळें. मेघदूतांतील यक्ष रामगिरीवर मेघाचें स्वागत करतो तें ताज्या कुटजपुष्पांनीं. चाळीसगांवाजवळ पाटणादेवीचें रान आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ काढल्याचा शिलालेख आहे तो याच पाटण गांवचा. तेथें सहल नेली म्हणजे आम्ही विद्यार्थ्यांना कुड्याचीं पांढरीं फुलें दाखवीत असूं आणि अमरकोशांतलीं त्याचीं नांवें, शक्र, वत्सक, गिरिमल्लिका, पाठ म्हणवून घेत असूं. (हल्लींच्या सहलींत मुलें फुलाजवळ उभीं राहून स्वतःचाच फोटो काढतात. असो.)

तर आम्हीं कुड्याची साल आणविली, अष्टमांश काढा उरविला, मध घातला आणि सकाळ-संध्याकाळ देण्यास प्रारंभ केला. पंधरा दिवसांत खरोखरच उतार पडला. आम्हांस केवढी धन्यता वाटली! पुढें पुन्हा वाढलें. आम्हीं मात्रा वाढविली. पुन्हा उतार, पुन्हा वाढ. असे आठ महिने गेले. "दादा, एकदां डॉक्टरांस दाखवूं या का?" असें बहिणीनें मध्यंतरीं दोनदां विचारलें, आणि दोन्ही वेळां आम्हीं तिला चरकाचा अध्याय सांगितला. फाल्गुनांत मुलाला जिना चढतांना घेरी आली. रक्त तपासलें तों हिमोग्लोबिन सहाच्या घरांत उतरलेलें. मग नाशिक, दुर्बीण, आंतड्याच्या अस्तराचे तुकडे काढून त्यांची तपासणी, आणि तेंच निदान, जें आज धुळ्याच्या पत्रांत आम्हीं वाचलें. तज्ज्ञांनीं आम्हांस शांतपणें विचारलें, "आठ महिने काय करीत होतां?" उभ्या नोकरींत हा प्रश्न आम्हीं वर्गांतल्या मुलांना विचारला होता, उत्तर देण्याची पाळी प्रथमच आली.

आम्ही काय करीत होतों, हें पुढें पुष्कळ वाचल्यावर आमच्या ध्यानांत आलें. हा रोग स्वभावतःच चढतो व उतरतो. औषध दिलें तरी उतरतो, न दिलें तरी कांहीं काळ उतरतो. उतरावयाच्या सुमारास जें औषध पोटांत असेल त्याला यश मिळतें. कुड्याला तें आठ महिने मिळत राहिलें.

कुड्याची योग्यता याहून निराळी आहे, आणि ती मोठी आहे. इ. स. १८५८ मध्यें मुंबईंत हेन्स नांवाच्या गृहस्थांनीं कुड्याच्या सालींतून एक क्षारसदृश द्रव्य वेगळें काढलें. त्यालाच पुढें 'कोनेसिन' हें नांव रूढ झालें. अमीबा नांवाच्या सूक्ष्म जंतूमुळें जी आंव होते तिच्यावर हें द्रव्य गुणकारी ठरलें व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत डॉक्टर लोकहि कुड्याचीं औषधें देत असत. शुद्ध कोनेसिन अधिक प्रमाणांत दिलें तर झोंप उडते, चित्त भ्रमतें, असें दिसून आल्यावर आणि दुसरीं सोपीं औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. म्हणजे आमच्या पूर्वजांनीं रक्तमिश्रित आंवेवर कुडा सांगितला तो अनुभवानें सांगितला. त्यांच्या काळीं व पुढेंहि या देशांत रक्त व आंव पडणाऱ्या पुष्कळ रोग्यांचा रोग जंतुजन्यच असे.

योगायोग असा कीं, हेन्सनंतर एका वर्षानें, १८५९ मध्यें, लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनीं एका रुग्ण स्त्रीच्या मरणोत्तर तपासणींत मोठ्या आंतड्याचा एक वेगळाच दाह पाहिला व त्याचें वर्णन केलें. आज त्यालाच आपण अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतों. लहान आंतड्याच्या शेवटच्या भागाला विशेषेंकरून ग्रासणारा त्याचा भाऊबंद न्यूयॉर्कच्या क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनीं १९३२ मध्यें वर्णिला. त्याला क्रोन यांचेंच नांव मिळालें. पहिला रोग गुदाशयापासून वर सरकतो व आंतल्या अस्तरापुरता राहतो. दुसरा तोंडापासून गुदापर्यंत कोठेंहि होऊं शकतो व आंतड्याची भिंत आरपार पोखरतो. दोहोंतहि अमुक एक जंतु असा सांपडत नाहीं. शरीराची संरक्षक सेनाच आपल्या आंतड्यावर उलटते. त्याला कांहीं आनुवंशिक कल, कांहीं आंतड्यांतील जंतूंच्या वस्तींत झालेला पालट कारण असतो. हे रोग गोऱ्या लोकांचे, अशी पूर्वीं समजूत होती. पंजाबांतील एक पाहणी २००३ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत लाखामागें सुमारें ४४ लोकांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला.

ज्या शत्रूवर कुडा चालतो तो शत्रूच येथें नाहीं. आमच्या भाच्याच्या पोटांत अमीबा नव्हता, आणि आम्ही आठ महिने त्यालाच मारीत बसलों होतों.

यावरून चरक-सुश्रुतांस उणें लेखूं नये. चरकाच्या चिकित्सास्थानांत ग्रहणीचा अध्याय पंधरावा व अतिसाराचा एकोणिसावा. ते उघडून पाहावे: मळ कधीं बांधलेला तर कधीं पातळ, अन्नाचा द्वेष, अशक्तता, रक्त, कुंथणें, हीं लक्षणें इतक्या बारकाईनें दिलीं आहेत कीं, आजच्या वैद्यकांतील पुस्तकाशेजारीं तीं ठेवावीं. पिच्छाबस्ति म्हणून एक उपचार आहे. सांवरीचे देठ शिजवून बुळबुळीत द्रव्य करावयाचें, त्यांत दूध-तूप घालावयाचें व तें गुदद्वारानें चढवावयाचें. आजचे डॉक्टर मोठ्या आंतड्याचा खालचा भाग सुजलेला असला म्हणजे मेसालामीनचा बस्तिच देतात, आणि तोंडानें घेतलेल्या गोळीपेक्षां तेथें तो पुष्कळदां अधिक उपयोगी पडतो. औषध दुखण्याच्या जागीं नेऊन ठेवावें, ही युक्ति जुनीच आहे. त्या थोर पुरुषांजवळ एकच वस्तु नव्हती, ती म्हणजे आंतड्याच्या आंत पाहणारा डोळा. बाहेरून सारखीं दिसणारीं पांच दुखणीं त्यांना एका नांवाखालीं घालावीं लागलीं. आपल्याजवळ आज तो डोळा आहे, आणि तरीहि आम्हीं तो आठ महिने मिटून ठेवला. हा दोष चरकाचा नव्हे.

या देशांत तर दुर्बिणीची गरज दुप्पट आहे. आंतड्याचा क्षय व क्रोनचा रोग हीं इतकीं सारखीं दिसतात कीं, तज्ज्ञांचीहि गाळण उडते. एकाला जें औषध द्यावयाचें तें दुसऱ्याला घातक. स्टेरॉईड दिलें तर क्षय भडकतो, व पोटांत अमीबा असतांना दिलें तर जिवावर बेततें. काढ्याच्या पातेल्याला हा भेद कळत नाहीं.

आतां अर्कांविषयीं. प्रथम शब्दाचाच घोळ आहे. आपल्याकडे अर्क म्हणजे वाफ करून थंड करून उतरविलेलें पाणी, जसा ओव्याचा अर्क. इंग्रजींत ज्याला एक्स्ट्रॅक्ट म्हणतात त्याला आपल्या वैद्यांचा जवळचा शब्द 'घन' हा होय. काढा आटवून आटवून गोळी वळण्याजोगा केला म्हणजे घन. स्वरस, कल्क, काढा, हिम व फांट अशा पांच कषायकल्पना चरकानेंच सांगितल्या आहेत, आणि एकाच वनस्पतींतून गरम पाण्यांत एक द्रव्य उतरतें तर थंड पाण्यांत दुसरें, हें त्यांना ठाऊक होतें. जें पाण्यांत उतरत नाहीं तें आंबवून मद्यार्कांत उतरवावें, म्हणून आसव-अरिष्टें. कुटजारिष्टांत कुड्याच्या सालीबरोबर मनुका, मोहाचीं फुलें, शिवण, गूळ व धायटीचीं फुलें पडतात. धायटीनें आंबण्यास मदत होते. ही सगळी विद्या आहे, थट्टा नव्हे.

पण बाजारांतील पुडींत कुडा कोणता? पांढरा कुडा व काळा कुडा हीं दोन झाडें निराळीं. पहिल्याचे इंद्रजव कडू, दुसऱ्याचे गोडे. फुलें दोहोंचींहि पांढरीं. साल वाळून पुडींत बांधली म्हणजे दोहोंत फरक करणें आमच्यासारख्याला अशक्य, आणि पांढऱ्याच्या नांवावर काळा खपतो ही तक्रार फार जुनी आहे. आमच्या भाच्याला आम्हीं आठ महिने कोणता कुडा पाजला, हें आम्ही आजहि शपथेवर सांगूं शकणार नाहीं. मोजून, पारखून, प्रत्येक गोळींत अमुक द्रव्य अमुक मिलिग्रॅम अशी खात्री करून जो घन करतात, त्याचीच माणसांवर परीक्षा होऊं शकते. अशा परीक्षा झाल्या आहेत, आणि सासूबाईंना आनंद होईल अशी गोष्ट म्हणजे त्यांत हळदीचा क्रमांक बराच वर लागतो.

जपानांत हानाई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००६ मध्यें एक चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांचा कोलायटिस शांत झाला आहे अशा ८९ रोग्यांपैकीं निम्म्यांना हळदींतील कर्क्युमिन हें द्रव्य रोज दोन ग्रॅम दिलें, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी दिली. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्या ४३ पैकीं दोघांचा रोग उलटला. दुसऱ्या बाजूच्या ३९ पैकीं आठांचा. पुढें २०१५ मध्यें इस्राएल, हाँगकाँग व सायप्रस येथील डॉक्टरांनीं रोग चालूं असलेल्या ५० जणांवर रोज तीन ग्रॅमची चाचणी प्रसिद्ध केली. एका महिन्यानें कर्क्युमिन घेणाऱ्या २६ पैकीं १४ जणांना आराम पडला. न घेणाऱ्या २४ पैकीं एकालाहि नाहीं.

हे आंकडे वाचून कोणाहि भारतीयाची छाती फुगेल. आमचीहि फुगली, आणि येथेंच आमची दुसरी चूक झाली. ती पहिलीहून वाईट, कारण पहिली अज्ञानानें झाली होती.

भाचा तोंवर मेसालामीनच्या गोळ्यांनीं पूर्ण बरा दिसत होता. वजन भरलें होतें, भरीत पुन्हा सुरू झालें होतें. २०१३ च्या उन्हाळ्यांत जपानी चाचणीचें एक कात्रण कोणींसें आम्हांस दिलें. आम्हीं तें त्याच्यापुढें ठेवलें व म्हटलें, "बघ, हळदीनें रोग उलटत नाहीं असें जपानी सांगतात." त्यानें विचारलें, "मग मामा, गोळ्या सोडूं का?" आम्हीं 'सोड' म्हटलें नाहीं. पण 'नको सोडूं' असेंहि म्हटलें नाहीं, आम्ही हंसलों. त्यानें हंसण्याचा अर्थ घेतला. रात्रीं हळदीचें दूध सुरू झालें व गोळ्या बंद झाल्या. दिवाळीच्या आधीं पुन्हा रक्त सुरू झालें, आणि या वेळीं दवाखान्यांत निजावें लागलें. स्टेरॉईडनें चेहरा सुजला, वर्ष बुडालें. बहिणीनें आम्हांस एक शब्दहि बोलून दाखविला नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

कात्रणांत नसलेली व मूळ निबंधांत असलेली गोष्ट ही कीं, जपानांतील सर्व ८९ रोगी आपल्या नेहमींच्या गोळ्या घेतच होते. इस्राएलांतल्यांचेंहि तेंच. हळद गोळ्यांच्या ऐवजीं नव्हती, गोळ्यांच्या जोडीला होती.

दुसरी गोष्ट मात्रेची. ही तर त्रैराशिकानें सुटते, आणि आम्हीं जन्मभर मुलांकडून त्रैराशिकें सोडवून घेतलीं. शंभर ग्रॅम हळदींत कर्क्युमिन सुमारें तीन ग्रॅम; तर तीन ग्रॅम कर्क्युमिनसाठीं हळद किती? शंभर ग्रॅम, रोज. वाटीभर हळद कोण खाईल? दुधांत आपण अर्धा चमचा घालतों, ती धरा दीड ग्रॅम. तींत कर्क्युमिन पंचेचाळीस मिलिग्रॅम. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत ६२ रोग्यांवर अल्प मात्रेची चाचणी झाली व ती २०१७ मध्यें प्रसिद्ध झाली. त्यांनीं रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलें, म्हणजे आमच्या दुधाच्या बरोबर दसपट. दोन महिन्यांनीं शंभरांत ३१ जणांना आराम, आणि निरुपयोगी गोळी घेणाऱ्यांतहि २७ जणांना. म्हणजे फरक नाहींच. दसपटीनें जें साधलें नाहीं तें आमच्या पेल्यानें साधावें, अशी आमची अपेक्षा होती! हळदीचें दूध प्यावें, गोड लागतें. औषध म्हणून हिशेबांत धरूं नये. आणि वाटीभर हळद फांकण्याचा प्रयोगहि करूं नये. तीव्र घनाच्या गोळ्यांनीं, विशेषतः मिऱ्याचें सत्त्व घातलेल्या गोळ्यांनीं, कोणाकोणाचें यकृत सुजल्याचीं उदाहरणें नोंदलीं गेलीं आहेत.

आमच्या खानदेशाचा अभिमान असलेली दुसरी वनस्पति सालई. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर, जेथें दुसरें झाड धड उभें राहत नाहीं, तेथें ही कागदासारखी साल सोडीत उभी असते. संस्कृतांत तिला शल्लकी म्हणतात, व हत्तीला ती प्रिय म्हणून गजभक्ष्या असेंहि नांव आहे. तिचा डिंक आपण धूप म्हणून जाळतों. त्या डिंकांतील आम्लें शरीरांत दाह उत्पन्न करणाऱ्या एका प्रक्रियेला अडवितात, हें जर्मनींत १९९० च्या दशकांत दाखविण्यांत आलें. १९९७ मध्यें जम्मूच्या डॉक्टर गुप्ता यांनीं कोलायटिसच्या रोग्यांना सालईचा डिंक ३५० मिलिग्रॅम दिवसांतून तीनदां, सहा आठवडे, दिला. शंभरांत ८२ बरे झाले. सल्फासालाझिन हें त्या वेळचें मान्य औषध घेणाऱ्यांत ७५. ऐकून बरें वाटतें. पण सालई घेणारे होते ३४ आणि दुसरें औषध घेणारे केवळ ८. आठांपैकीं सहा म्हणजे शेंकडा ७५. एक रोगी इकडचा तिकडे झाला असता तर शेंकड्याचा आंकडा साडेबारांनीं हलला असता. इतक्या थोड्या मंडळींवरून कोणाला पहिला नंबर देऊं नये, हें परीक्षक म्हणून आम्हांस कळतें. पुढें जर्मनींतील २२ केंद्रांत ८२ रोग्यांवर वर्षभराची चाचणी लावण्यांत आली. ती क्रोनच्या रोगावर, रोग शांत राहावा म्हणून. सालईवाले शंभरांत ६० शांत राहिले, निरुपयोगी गोळीवाले ५५. फरक दिसेना म्हणून चाचणी मध्येंच थांबविली व २०११ मध्यें तसें प्रामाणिकपणें छापलें. आमच्या सातपुड्याचें हें झाड हरलें याचें आम्हांस वाईट वाटतें, पण छापणाऱ्यांविषयीं आदर वाटतो.

सर्वांत विलक्षण कथा निळीची. चंपारण्यांतल्या शेतकऱ्यांना जिनें गांजलें ती नीळ; चीनमध्यें निळीच्या पाल्यापासून केलेलें एक निळें चूर्ण जुनें औषध आहे. जपानांत ८६ कोलायटिसच्या रोग्यांना तें आठ आठवडे देण्यांत आलें. निबंध २०१८ चा. लहान मात्रेंत शंभरांत सुमारें ७०, मोठींत ८१ जणांना गुण, व निरुपयोगी गोळीनें अवघे १४ जणांना. एवढा फरक वनस्पतीच्या औषधानें क्वचितच दाखविला असेल. आणि तरीहि ती चाचणी मध्येंच थांबवावी लागली. कारण चाचणीच्या बाहेर, स्वतःच हें चूर्ण विकत घेऊन खाणाऱ्या रोग्याच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढल्याचें आढळलें. २०१६ च्या अखेरीस जपान सरकारच्या आरोग्यखात्यानें सावधगिरीची सूचना काढली. 'झाडपाल्याचें आहे, गुण नाहीं आला तरी अपाय तर नाहीं' हें वाक्य आमच्याहि तोंडीं असे. तें तेव्हांपासून आम्हीं सोडलें. ज्याला गुण आहे त्याला अपायहि असणारच.

गुळवेलीचें उदाहरण तर घरचें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आपल्या वनस्पती आधुनिक कसोटीवर घांसून पाहण्याचा पायंडा पाडला, व गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ति वाढविते हें त्यांच्या कामांतून पुढें आलें. करोनाच्या दिवसांत घरोघर गुळवेल उकळूं लागली. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांकडे गुळवेल घेतलेले सहा रोगी यकृताला इजा होऊन आले. त्यांनीं २०२१ मध्यें तें प्रसिद्ध केलें. आयुष मंत्रालयानें हरकत घेतली कीं, रोग्यांनीं घेतलेली वेल खरी गुळवेलच होती कशावरून? म्हणजे पुन्हा पांढरा कुडा कीं काळा, हाच प्रश्न. आमच्या विषयापुरतें एवढेंच: ज्या रोगांत शरीराची सेनाच उलटली आहे, तेथें त्या सेनेला खुराक देण्यापूर्वीं तज्ज्ञांस विचारावें.

इसबगोलाविषयीं कोणाचें दुमत नसावें. स्पेनमध्यें १०५ रोग्यांवर वर्षभर त्याची परीक्षा झाली, १९९९ चा निबंध आहे. रोग शांत असतांना तो शांत राखण्यांत इसबगोल व मेसालामीन यांत फारसें अंतर दिसलें नाहीं. स्वस्त, निरुपद्रवी व सासूबाईंच्या ओळखीचें असें हें औषध आहे. मात्र क्रोनच्या रोगांत आंतडें अरुंद झालें असेल तर तेंच फुगून अडकतें, म्हणून तेथेंहि विचारूनच.

धुळ्याच्या भगिनींनीं आतां काय करावें? गोळ्या चालूं ठेवाव्या. पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जातांना घरांत जें जें दिलें जातें त्या सर्वांची, काढ्यापासून चूर्णापर्यंत, एका कागदावर यादी करून न्यावी व तो कागद डॉक्टरांच्या हातीं द्यावा. आम्हीं तो आठ महिने दिला नव्हता. कर्क्युमिन जोडीला द्यावें काय, किती, कोणतें, हें त्यांना उघडपणें विचारावें. आमच्या डॉक्टरांस आम्हीं अखेर विचारलें तेव्हां ते रागावले नाहींत. त्यांनीं कागद मागून घेतला व मात्रा लिहून दिली. मुलगा रोगट दिसत नाहीं तेव्हांहि गोळी चुकूं देऊं नये, आणि आठेक वर्षें झालीं म्हणजे दुर्बिणीची तपासणी नेमानें करावी, कारण फार दिवस सुजलेल्या आंतड्यांत कर्करोगाचें भय वाढतें. चातुर्मासांतले उपास त्याला सोडवावे. साबूदाणा व शेंगदाणे यांवर दिवस काढण्यानें पुण्य लागत असेल, रक्त वाढत नाहीं. रोग चढला असतां काळ्या मसाल्याची शेवभाजी बंद. बेलाचा मुरंबा देऊं का, असें पत्राच्या समासांत विचारलें आहे. द्यावा. सर्व फळें पिकल्यावर गुणी, एक बेल तेवढा कच्चा गुणी, असें जुने वैद्य म्हणत. तेव्हां कच्च्याचाच करावा व औषध म्हणून नव्हे, मुरंबा म्हणून द्यावा.

लग्नाचें विचारलें आहे तें सदराच्या कक्षेबाहेरचें, पण उत्तर देतों. आमच्या भाच्यानें मुलगी पाहावयास गेला तेव्हां आपली तपासण्यांची फाईल बरोबर नेली व ती तिच्यापुढें ठेवली. दोन ठिकाणांहून नकार आला, तिसरीनें फाईल शेवटपर्यंत वाचली. गेल्या दिवाळींत तीं दोघें भडगांवीं आलीं होतीं. भरताच्या ताटाशेजारीं गोळ्यांची डबी होती आणि ती विसरूं नये याची काळजी त्याच्यापेक्षां सूनबाईंनाच अधिक. फडताळ आवरतांना त्यांना कुड्याच्या सालीची जुनी बरणी सांपडली.

"मामा, ही टाकून देऊं का?"

आम्हीं म्हटलें, "ठेव. कधीं साधी आंव झाली तर आमच्या उपयोगाची आहे."

"आधीं तपासून घ्यायचें," भाचा ताटावरूनच म्हणाला, आणि बट्टीवर आणखी तूप मागितलें.